नळाला पाणी येणार नाही, असं लिहायला लाजू नका: जाहीर सूचना लिहिण्याची कामाची पद्धत

आधी ही सूचना वाचा.

«उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधित नागरिकांना कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या तातडीच्या देखभाल-दुरुस्तीच्या अनुषंगाने गुरुवार दि. १३ रोजी मध्यरात्रीपासून शहराच्या काही भागातील पाणीपुरवठा २४ तासांकरिता खंडित करण्यात येणार असून तदनंतर पाणीपुरवठा कमी दाबाने होण्याची शक्यता आहे. तरी नागरिकांनी आवश्यक तो पाणीसाठा करून प्रशासनास सहकार्य करावे.»

ही मीच लिहिली होती, एका छोट्या नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात असताना. व्याकरण बिनचूक होतं, साहेबांनी एकही खूण न करता सही केली. गुरुवारी सकाळी सातपासून फोन सुरू झाले. आमच्या मनात बुधवारची रात्र संपून गुरुवार लागतो ती मध्यरात्र होती. निम्म्या गावाने गुरुवारची रात्र धरली आणि बुधवारी पाणी भरलंच नाही. उरलेल्यांचा प्रश्न एकच होता: «काही भाग म्हणजे आमचा की नाही?»

ग्रामपंचायत, नगरपालिका, शाळा, आरोग्य केंद्र, गृहनिर्माण सोसायटी, कुठेही लोकांसाठी कागद लिहावा लागणाऱ्यांसाठी हा लेख आहे. क्रम मोडू नका. बहुतेक सूचना बिघडतात त्या थेट तिसऱ्या-चौथ्या टप्प्यापासून सुरुवात केल्यामुळे.

## टप्पा १: लिहिण्याआधी विचारून या

जुनी सूचना उघडून त्यात तारीख बदलायची, ही सगळ्यांची सवय. तिथेच घात होतो, कारण जुन्या सूचनेतल्या चुकाही सोबत येतात. आधी कोरा कागद घ्या आणि दोन माणसांना भेटा.

पहिला माणूस खिडकीवर किंवा फोनवर बसणारा. त्याला विचारा, मागच्या वेळी लोक काय काय विचारत होते? तो न थांबता सांगेल: «आमच्याकडे पण का?», «घरातलं दुसरं कोणी आलं तर चालेल का?», «झेरॉक्स चालेल की ओरिजिनल?», «जेवणाची सुट्टी किती वाजता?» हे प्रश्न त्याच शब्दांत उतरवून घ्या. तुमच्या सूचनेचा कच्चा मसुदा हाच.

दुसरा माणूस प्रत्यक्ष काम करणारा. पाण्याच्या सूचनेत तो व्हॉल्व्हमन. नकाशावर «झोन ३» असतो, पण कोणत्या टाकीवरून कोणती गल्ली भरते, कुठल्या चौकातून उजवीकडचं पाणी वेगळं आणि डावीकडचं वेगळं, हे त्याला पाठ असतं. मी त्याला समोर बसवून गल्ल्यांची नावं सांगायला लावतो आणि तो म्हणेल तशी लिहितो. प्रभाग क्रमांक मतदानापुरता लक्षात राहतो. लोक राहतात ते कुंभार आळीत, पोस्टाच्या मागे, जुन्या नाक्याजवळ.

तपासा: पुढचं वाक्य भरता येतं का? «हे वाचून ______ यांनी ______ तारखेपर्यंत ______ करायचं आहे.» तीनपैकी एक जागा जरी रिकामी राहिली तरी लिहायला बसू नका. वरच्या पातळीवर काहीतरी ठरायचं राहिलंय. ते धूसर भाषेत झाकण्यापेक्षा फाइल परत पाठवा.

## टप्पा २: कायद्याचा मजकूर वेगळा काढा

काही सूचनांचे शब्द कायद्याने किंवा नियमाने ठरलेले असतात: हरकती मागवण्याची जाहीर नोटीस, जप्तीची नोटीस, निविदा, निवडणुकीच्या सूचना. अशा मजकुराला हात लावायचा नाही. एक शब्द बदलला तर पुढे कोणीतरी नोटीसच अवैध ठरवून घेईल.

पण त्याच्या वर, चौकटीत, चार ओळी सोप्या मराठीत लिहायला कोणाची आडकाठी नाही. «ही नोटीस अमुक रस्त्याच्या रुंदीकरणाबद्दल आहे. तुमचं घर किंवा दुकान या यादीत असेल आणि तुमची हरकत असेल, तर ती लेखी स्वरूपात अमुक तारखेपर्यंत या टेबलावर द्या आणि पोच घ्या. संपूर्ण नोटीस खाली आहे.»

सावधान: चौकटीतली आणि नोटिशीतली तारीख एकच आहे ना, हे दुसऱ्या माणसाकडून ताडून घ्या. दोन तारखा गेल्या तर सोप्या भाषेला कायमची बंदी येते. हे मी पाहिलंय.

कार्यालयातला सेवांचा फलकही याच जातीचा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे सेवा, मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा मुदतीत देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो) आणि दोन्ही अपिलांचे अधिकारी फलकावर लावायचे असतात. लावतातही, आठ रकान्यांच्या तक्त्यात, छताजवळ. तक्ता राहू द्या. शेजारी डोळ्याच्या उंचीवर एक कागद लावा: «दाखला किती दिवसांत मिळेल ते तक्त्यात आहे. सगळी कागदपत्रं जोडून अर्ज दिलात की त्या दिवसापासून मोजा. पोच मागून घ्या. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा नाकारला, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. ते या खोलीत द्या.» दिवस कधीपासून मोजायचे आणि अपील कुठे द्यायचं, हे प्रश्न तिथल्या तिथे मिटतात.

## टप्पा ३: क्रम उलटा करा

सरकारी कागद वरून खाली असा येतो: जावक क्रमांक, विषय, संदर्भ एक ते पाच, प्रस्तावना, कारण, आणि सगळ्यात शेवटी लोकांनी काय करायचं. वाचणारा मात्र वरच्या दोन ओळी वाचून ठरवतो की हे आपल्यासाठी आहे का.

म्हणून हा क्रम धरा:

1. काय होणार आहे, कोणाला, कधी (मथळ्यातच)
2. लोकांनी काय करायचं
3. कुठे, किती वाजता, काय घेऊन
4. केलं नाही तर काय होईल
5. अडलं तर कोणाला विचारायचं
6. कारण
7. संदर्भ, जावक क्रमांक, सही

कारण सहाव्या क्रमांकावर ठेवलं की अधिकारी हमखास अडवतात. त्यांना वाटतं, आधी कारण दिलं तर लोक समजून घेतील. घेतात ना, पण बादल्या भरून झाल्यावर.

«विषय: पाणीपुरवठा खंडित करणेबाबत» हा मथळा होत नाही, ते फाइलचं नाव आहे. मथळा असा हवा: «गुरुवारी, १३ नोव्हेंबरला, कुंभार आळी आणि बाजारपेठेत नळाला पाणी येणार नाही.»

## टप्पा ४: वाक्य मोडा, शब्द बदला

«असून», «करून», «तद्नंतर», «तरी» हे सांधे आहेत. सांधा दिसला की तिथे पूर्णविराम देऊन पाहा. वरच्या सूचनेतल्या पहिल्या वाक्याची सहज तीन वाक्यं होतात.

मग शब्द. «सदरहू», «उक्त», «सबब», «उपरोक्त» सरळ खोडा. त्यांच्या जागी काहीच लागत नाही. «छायांकित प्रत» म्हणजे झेरॉक्स, «विहित नमुन्यातील आवेदनपत्र» म्हणजे ऑफिसात मिळणारा फॉर्म. इंग्रजीतून आलेला शब्द रुळलेला असेल तर खुशाल वापरा. मराठीचा अभिमान वेगळा आणि म्हातारीची खेप वाचवणं वेगळं. उलट सातबारा, फेरफार, हयातीचा दाखला, घरपट्टी हे शब्द कितीही कार्यालयीन असले तरी घरोघरी माहीत आहेत. ते सोपे करायला जाऊ नका.

जिथे कागदावर एक नाव छापलेलं असतं आणि लोक दुसरंच म्हणतात, तिथे पहिल्यांदा दोन्ही द्या: «रेशन कार्ड (शिधापत्रिका)», «ग्राम महसूल अधिकारी (तलाठी)». तलाठ्याचं पदनाम बदललं म्हणून गावाची जीभ लगेच बदलत नाही. पुढे मात्र एकच नाव शेवटपर्यंत चालवा. एका परिच्छेदात अर्जदार, दुसऱ्यात लाभार्थी, तिसऱ्यात हितग्राही झालं, की वाचणाऱ्याला ती तीन वेगळी माणसं वाटतात.

«करण्यात येईल» या क्रियापदाला कर्ता नसतो. «पाहणी करण्यात येईल» याऐवजी «आमचा कर्मचारी घरी येऊन पाहणी करेल, त्याच्याकडे ओळखपत्र असेल» असं लिहिलं तर दार उघडायचं की नाही ते कळतं.

आणि एक खास आपला घोटाळा: «-वे». «पाणी उकळून प्यावे», «मूळ कागदपत्रे सोबत आणावीत», «फॉर्म निळ्या शाईने भरावा.» यातलं सक्तीचं काय आणि सल्ला काय? तिन्ही सारखीच दिसतात. सक्ती असेल तर «मूळ कागद लागतीलच, त्याशिवाय अर्ज घेता येणार नाही». सल्ला असेल तर «निळं पेन असलं तर बरं». सरळ «आणा», «भरा», «दाखवा» लिहिलं तर उद्धट वाटेल, अशी भीती काहींना असते. मराठीत «आणा» हे आदरार्थीच आहे. उद्धटपणा असतो तो «अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण स्वतः जबाबदार राहाल» यात. तिथे परिणाम काय तो सांगा: «३१ तारखेनंतर भरल्यास दंड लागेल» आणि दंडाची रक्कम.

## टप्पा ५: तारीख, वेळ, आकडे

माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक फोन या एका टप्प्यावरच्या चुकांमुळे येतात. म्हणून इथे घाई करू नका.

मध्यरात्र, रात्री १२. दोन्ही शब्द बाद. «बुधवार १२ तारीख, रात्री १० पासून» असं लिहा. काम खरोखर बाराला सुरू होणार असेल तरी लोकांना दहाच सांगा. दोन तास आधी बादली भरल्याने कोणाचं बिघडत नाही.

काल, उद्या, परवा. मराठीत परवा होऊन गेलेलाही असतो आणि येणाराही. «उद्या पाणी नाही» हा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर सहा महिने फिरतो आणि रोज नवा उद्या गाठतो. वार, तारीख, महिना, वर्ष, चारही लिहा. वार आणि तारीख कॅलेंडरवर जुळवा; वार चुकला तर लोक वारावर विश्वास ठेवतात, तारखेवर नाही.

पर्यंत. «३१ तारखेपर्यंत» म्हणजे ३१ धरून की सोडून? «३१ मार्चला संध्याकाळी ५ वाजेपर्यंत खिडकीवर द्या» असं लिहिलं की वाद उरत नाही. त्या दिवशी सुट्टी आहे का, तेही बघा.

दिवस. «सात दिवसांत» लिहिताना कधीपासून ते सांगा, आणि सुट्ट्या धरून की सोडून तेही. शक्य असेल तिथे हिशेब तुम्हीच करून थेट तारीख द्या.

वय. «१८ वर्षे पूर्ण» हे कोणत्या तारखेला? «१ जानेवारी २००८ किंवा त्याआधी जन्म झालेले» असं लिहिलं तर वजाबाकी करत बसावं लागत नाही.

१ आणि ९. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की देवनागरीतला १ आणि ९ ओळखू येत नाहीत. फोन नंबर पाच-पाच आकड्यांत तोडा, बाकी मजकुरापेक्षा मोठा ठेवा आणि छापण्याआधी तो नंबर स्वतः लावून पाहा. छापलेल्या कागदावरून लावा, डोक्यातून नको. एकदा आमच्या फलकावरचा नंबर एका पिठाच्या गिरणीचा निघाला होता. गिरणीवाल्याने दोन दिवस गावाला पाण्याच्या वेळा सांगितल्या, आणि बऱ्यापैकी बरोबर सांगितल्या.

## टप्पा ६: कागदपत्रांची यादी

शिबिराच्या, योजनेच्या, प्रवेशाच्या प्रत्येक सूचनेत ही यादी असते आणि तीच सर्वांत निष्काळजीपणे लिहिलेली असते.

एका शिबिरात निराधार अनुदानाचा अर्ज द्यायला एक आजी आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालघालून ठेवलेले कागद. फलकावर होतं: «आधार कार्ड / रेशन कार्ड / रहिवासी दाखला / उत्पन्नाचा दाखला इ.» त्यांनी आधार आणलं होतं. नातवाने वाचून सांगितलं होतं, तिरकी रेघ म्हणजे यातलं कुठलंही एक. आम्हाला चारही हवे होते. बरं, ते «इ.» म्हणजे बँक पासबुक आणि दोन फोटो, हे फक्त आम्हालाच ठाऊक. आजी तीन वेळा आल्या. येण्याजाण्याची एसटी, आणि रोजाचा खाडा. तिसऱ्या वेळी त्यांनी पिशवीच माझ्या टेबलावर उपडी केली: «तूच शोध बाबा काय पायजे ते.»

तेव्हापासून मी यादी अशी लिहितो:

हे सगळे कागद लागतील:
- आधार कार्ड: मूळ आणि १ झेरॉक्स
- रेशन कार्ड: मूळ आणि १ झेरॉक्स (पहिलं आणि नावं असलेलं पान)
- तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला: मूळ
- बँक पासबुक: पहिल्या पानाची १ झेरॉक्स
- पासपोर्ट साइज फोटो: २

वयासाठी यांपैकी कोणताही एक: शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला.

मूळ कागद पाहून लगेच परत देऊ. (ही ओळ नसेल तर बरेच जण भीतीने मूळ कागद घरीच ठेवतात.)

नावात फरक असेल तर: आधारवर एक आणि पासबुकावर दुसरं नाव असेल तरी या. काय करायचं ते टेबल क्रमांक २ वर सांगू.

ही यादी नमुन्यादाखल आहे. तुमच्या योजनेला जे लागतं तेच लिहा, पण बांधणी हीच ठेवा: सगळे लागणारे वेगळे, कोणताही एक चालणारे वेगळे, मूळ की झेरॉक्स, किती प्रती. तिरकी रेघ आणि «इत्यादी» यांना यादीत जागा नाही.

तपासा: ही यादी तुमच्याच शिपायाला द्या आणि स्वतःच्या घरच्या कागदांतून संच तयार करायला सांगा. तो जिथे «साहेब, हे म्हणजे नक्की काय?» विचारेल, ती ओळ पुन्हा लिहा.

## टप्पा ७: भिंत, मोबाइल आणि घंटागाडी

मजकूर एकच, पण जागेप्रमाणे तो कापावा लागतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्येही माहिती पोहोचवताना स्थानिक भाषा आणि त्या भागात चालणारी परिणामकारक पद्धत लक्षात घ्या, असंच म्हटलंय.

फलकावर मथळा, तारीख, ठिकाण आणि फोन एवढंच. फ्लेक्सवर मान्यवरांचे फोटो मोठे आणि तारीख बारीक, याबद्दल मी काही बोलत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर कागदाचा फोटो टाकू नका, मजकूर टाइप करून टाका. फोटोतली अक्षरं दिसत नाहीत, आणि दृष्टिहीन माणसाचा मोबाइल फोटो वाचून दाखवेलच असं नाही. टायपिंग युनिकोडमध्येच हवं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसरीकडे चिकटवला की अगम्य चिन्हं उमटतात, आणि त्याची पीडीएफ वेबसाइटवर टाकली तर शोधूनही सापडत नाही.

घंटागाडीच्या भोंग्यावर किंवा दवंडीत ऐकणाऱ्याला मागे जाऊन वाचता येत नाही. गाडी दारासमोरून जाते तेवढ्या वेळात बसेल इतकंच बोला आणि वार-तारीख दोनदा सांगा.

## टप्पा ८: दुसऱ्याला वाचायला लावा

ज्याला विषय माहीत नाही असा माणूस गाठा. चहावाला, रिक्षावाला, कामासाठी ताटकळलेला कोणीही. कागद हातात द्या. «समजलं का?» असं कधीच विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. विचारा: «मग तुम्ही काय करणार? कधी? काय घेऊन?» उत्तर चुकलं तर त्याला समजावत बसू नका. ज्या ओळीवर तो अडखळला ती ओळ दुरुस्त करा. तीन माणसं पुरतात.

सुरुवातीची सूचना या सगळ्या टप्प्यांतून काढली तर अशी होते (तारखा नमुन्याच्या आहेत):

गुरुवारी, १३ नोव्हेंबर २०२५ ला, या भागांत नळाला पाणी येणार नाही

कुठे: बाजारपेठ, कुंभार आळी, जुना नाका, स्टेशन रोड (बसस्थानक ते पोस्ट). बाकी गावात नेहमीप्रमाणे पाणी येईल.

कधी: बुधवार, १२ नोव्हेंबर रात्री १० पासून गुरुवार, १३ नोव्हेंबर रात्री १२ पर्यंत.

काय करा: बुधवारी संध्याकाळी पाणी सुटेल तेव्हा दोन दिवसांचं भरून ठेवा.

शुक्रवारी, १४ नोव्हेंबरला पाणी येईल, पण दाब कमी असेल. वरच्या मजल्यावर कदाचित चढणार नाही. सुरुवातीला गढूळ आलं तर थोडा वेळ वाहू द्या. त्या दिवशी पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.

अडचण असेल तर: पाणीपुरवठा विभाग, फोन (इथे नंबर), सकाळी ८ ते रात्री ८.

कारण: मुख्य जलवाहिनीला गळती आहे, ती दुरुस्त करायची आहे.

आता यातली चूक शोधा. मी हा नमुना मुद्दाम असाच ठेवला आहे: «कधी»च्या ओळीत «रात्री १२» पुन्हा शिरलंय. पाचव्या टप्प्यात जे बाद केलं तेच. तीन वेळा वाचूनही असं राहून जातं. तिथे «गुरुवारी दिवसभर आणि रात्रभर पाणी नाही» असं करा.

## टप्पा ९: लावल्यानंतर

फोनशेजारी एक वही ठेवा. आलेला प्रत्येक प्रश्न एका ओळीत, नाव-नंबर न घेता. एकच प्रश्न पाचव्यांदा आला की त्या दिवशीच सूचना बदला, पुढच्या वेळेची वाट पाहू नका.

बदलताना «परिच्छेद २ मधील ओळ ४ मध्ये अमुक ऐवजी तमुक असे वाचावे» छापाचं शुद्धिपत्रक काढू नका. ते समजायला जुना कागद शेजारी लागतो, आणि तो कोणाकडेच नसतो. पूर्ण सूचना नव्याने काढा. वर मोठ्या अक्षरांत लिहा: «सुधारित. फक्त वेळ बदलली आहे: सकाळी १० ऐवजी ११. आधीचा कागद धरू नका.» व्हॉट्सअ‍ॅपवर जुना संदेश काढता येत असेल तर काढा, नसेल तर त्यालाच उत्तर म्हणून नवा टाका.

फलकावरचा जुना कागद टाचण्यांसकट पूर्ण काढा. घाईत ओढला तर कोपरा फाटून तिथेच राहतो, आणि नेमका त्याच कोपऱ्यावर जुना फोन नंबर असतो.